राहू, सावली आणि प्रकाशा

२२ जुलै २००९ च्या पहाटे मी नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यातील प्रकाशा या गावी तापीच्या घाटावर उभा होतो. त्या दिवशीच्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा सुरतेकडून येऊन आपल्या जिल्ह्यावरून इंदूर-भोपाळकडे सरकणार होता. तिथी आषाढ अमावास्या, म्हणजे दिव्याची अवस. आभाळ गच्च भरलेले. सूर्य त्या दिवशी ग्रासलेलाच उगवला. पण आम्हाला तो दिसलाच नाही. सव्वासहा वाजून गेल्यावर मात्र नुकतेच उजाडलेले पुन्हा मावळू लागले, पाखरे गप्प झाली आणि दोन-तीन मिनिटे प्रकाशा नावाच्या गावात अंधार पडला.

तापी आणि गोमाईच्या संगमावरच्या या गावाला आपण दक्षिण काशी म्हणतो. केदारेश्वराच्या त्या घाटावर त्या दिवशी मोक्षस्नानासाठी थांबलेली बरीच माणसे होती. माझ्याजवळ एक आजोबा बसले होते. मास्तरकीची जुनी सवय म्हणून मी त्यांना ग्रहण कसे लागते ते सांगू लागलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "सावली पडस, हाई माले बी माहीत शे, भाऊ. पन आंगोय ते करनीच पडस."

सावली पडते हे ठाऊक आहे, पण अंघोळ करावीच लागते. मी तेव्हा हसलो. नंतर लक्षात आले की, या वाक्यामागे हजारेक वर्षांचा वाद आहे आणि त्यातला एक फार मोठा साक्षीदार आपल्या खानदेशातच आहे.

आज नंदुरबार, धुळे आणि जळगाव असे तीन जिल्हे असले तरी जुना खानदेश एकच. त्याच्या दक्षिण टोकाला, चाळीसगाव तालुक्यात, पाटण नावाचे ठिकाण आहे. तिथल्या देवळातला एक शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली प्रसिद्ध केला. 'सिद्धान्तशिरोमणि' लिहिणारे भास्कराचार्य हे शके १०३६ चे, म्हणजे इ.स. १११४ चे. त्यांचा जन्म नेमका कोणत्या गावी झाला यावर विद्वानांचे एकमत नाही. पण त्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होता आणि आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला मठ काढला, हे दगडावर कोरलेले आहे. निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने या मठाला देणगी दिली. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत असून बाजारातून मठाला काय काय मिळावे त्याची यादी त्यात येते.

या देणगीचा मुहूर्त पाहण्यासारखा आहे. इ.स. १२०७ मधली श्रावणी पौर्णिमा, आणि वेळ चंद्रग्रहणाची! ग्रहणकाळी दान दिले की पुण्य अनेक पटींनी मिळते, ही श्रद्धा. दान मिळाले कोणाला? तर चंद्रग्रहण म्हणजे पृथ्वीची सावली, असे मुलांना शिकवणाऱ्या मठाला. सोइदेवाला यात काही विसंगत वाटले असेल असे मला वाटत नाही. घाटावरच्या आजोबांनाही वाटत नव्हते.

आता भास्कराचार्य स्वतः काय म्हणतात ते पाहू. त्यांच्या 'गोलाध्याया'त ग्रहणावर एक प्रकरण आहे. त्यात ते एखाद्या वकिलासारखे मुद्दे मांडतात. चंद्राला ग्रहण पूर्वेच्या बाजूने लागते, सूर्याला पश्चिमेच्या. अर्धे ग्रासले असताना चंद्राची टोके बोथट दिसतात, सूर्याची अणकुचीदार. चंद्रग्रहण बराच वेळ टिकते, सूर्यग्रहण लवकर सुटते. शिवाय सूर्यग्रहण एका गावी दिसते, दुसऱ्या गावी कमी दिसते, तिसऱ्या गावी दिसतच नाही. गिळणारा एकच राक्षस असता तर असे का व्हावे? तेव्हा चंद्राला झाकणारी वस्तू मोठी, म्हणजे पृथ्वीची सावली. आणि सूर्याला झाकणारी वस्तू लहान व जवळची, म्हणजे चंद्र. २००९ साली हाच मुद्दा आपल्या डोळ्यांसमोर होता. त्या सकाळी प्रकाशाला खग्रास ग्रहण होते, मुंबईला खंडग्रास. राहूने मुंबईकरांवर एवढी मेहेरबानी का करावी?

इथे प्रकरण संपायला हवे होते, पण भास्कराचार्य पुढे बोलतात. केवळ गोलाचे गणित जाणणारे राहू नाहीच म्हणतात, पण मग वेद, पुराणे आणि संहिता यांच्याशी विरोध येतो. म्हणून असे समजावे की, अंधाररूप राहू वरदानाच्या बळावर पृथ्वीच्या सावलीत शिरतो आणि चंद्राला झाकतो. चंद्रबिंबात शिरतो आणि सूर्याला झाकतो. आता कोणत्याच शास्त्राशी विरोध उरत नाही.

हे वाचून पहिल्यांदा मला राग आला होता, हे कबूल करतो. सावलीत राहू शिरला काय आणि न शिरला काय, गणितात पळाचाही फरक पडत नाही. मग त्याला आत घेतलेच कशाला?

हा प्रश्न माझ्या आधी फार थोर माणसाला पडला होता. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये सावलीचे कारण स्वच्छ सांगितले. इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' लिहिला. त्यात त्याने राहू न मानणाऱ्यांना श्रुतिस्मृतींच्या विरोधात जाणारे म्हणून फटकारले आणि पुढे ग्रहणाचे गणित मात्र सावलीच्याच हिशोबाने केले. चारशे वर्षांनी, इ.स. १०३० च्या सुमारास, अल्बेरुणीने भारतावर ग्रंथ लिहिला. ब्रह्मगुप्ताच्या बुद्धीवर त्याची श्रद्धा होती, त्यामुळे हा उतारा वाचून तो व्यथित झाला. इतक्या तीक्ष्ण बुद्धीचा माणूस आपल्या सदसद्विवेकाविरुद्ध असे का बोलतो? त्याने तर्क केला की, सॉक्रेटिसावर आला तसा काही प्रसंग याच्यावर ओढवला असावा. दहा-अकरा शतकांपूर्वीच्या परदेशी, परधर्मी विद्वानाने आपल्या गणितज्ञाबद्दल दाखवलेली ही माया मला विलक्षण वाटते.

ही भीती होती की शहाणपण? ब्रह्मगुप्ताच्या बाबतीत अल्बेरुणी म्हणतो तसे असेलही. भास्कराचार्यांच्या बाबतीत माझे मत आता थोडे वेगळे आहे. त्यांनी राहूला आत घेतले, पण काम काहीच दिले नाही. सगळे काम सावली करते. राहू मानाने बसलेला असतो, जसा लग्नात एखादा वडीलधारा पाहुणा. या व्यवस्थेमुळे गणित निर्वेध चालू राहिले, त्याला राजाश्रय मिळाला आणि पाटणचा मठ उभा राहिला. याची किंमतही होती. सावलीचे ज्ञान मठात आणि पोथीत राहिले, गावात राहूच राहिला. हा निवाडा पंडितांच्या सोयीचा होता. शेतकऱ्याला आणि बाजारात तेल विकणाऱ्याला तो कोणी सांगितला नाही.

तरी ग्रहणापुरती ही तडजोड चालून गेली, कारण राहू हा आभाळातला. त्याला नावे ठेवा, त्याच्यासाठी स्नान करा, कोणाचे काही बिघडत नाही. आपल्या जिल्ह्यात प्रश्न अवघड होतो तो सातपुड्याच्या पाड्यांवर, कारण तिथे कधी कधी राहूच्या जागी जिवंत बाई बसवली जाते. तिला डाकीण म्हणतात.

मूल आजारी पडते, हातापायाचे सांधे दुखून रडते, एक दिवस जाते. आपल्या आदिवासी भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो आणि त्यात अशाच असह्य वेदना होतात. लायनस पाउलिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवून दिले की, या आजाराचे मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूतल्या बदलात आहे. दोष आई आणि बाप दोघांकडून आला तर मूल आजारी होते. हे झाले 'कसे'चे उत्तर. पण आई विचारते, "माझंच का?" रेणूकडे याचे उत्तर नाही. डाकिणीच्या गोष्टीत मात्र ते तयार असते. विज्ञान आणि श्रद्धा यांच्यातली खरी ओढाताण मला इथे दिसते. डाकिणीचा समज अडाणीपणातून येतो असे म्हणून सुटका नाही. शहरात शिकलेली माणसेही आजारपणात कोणाची नजर लागली ते शोधतातच. फरक एवढाच की, त्यापायी तिथे कोणा म्हातारीला बहुधा घर सोडावे लागत नाही.

इथे भास्कराचार्यांचा निवाडा लावून पाहा. आजार रेणूमुळे होतो, पण डाकीण त्या रेणूत शिरते, असे म्हणून दोन्ही बाजू राखता येतील? राहू सावलीत बसला तर फुकट बसतो. बाई तिथे बसवली तर तिला मार बसतो, कधी जीवही जातो. राहूला मानाचे पान देता येते. इथे कोणाची तरी बाजू घ्यावीच लागते.

महाराष्ट्राने ती घेतली, पण फार उशिरा. कायद्याचा मसुदा वर्षानुवर्षे रखडला होता. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात संमत झाला. करणी केल्याचा आरोप ठेवून कोणाला छळणे हा आता गुन्हा आहे. साप चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडा करणे हाही गुन्हा आहे. कायदा धर्मावर घाला घालतो अशी ओरड तेव्हा झाली. पण यात्रा, प्रदक्षिणा, भजन-कीर्तन यांना त्यातून स्पष्टपणे वगळलेले आहे. प्रकाशाच्या स्नानाला तो कायदा हातही लावत नाही. मला ही रेघ बरोबर ठिकाणी ओढलेली वाटते, आणि ती ओढताना कोणी पाटणचा शिलालेख आठवला नसला तरी ती त्याच वादातली पुढची पायरी आहे.

त्या सकाळी मोक्ष झाल्यावर आजोबा पाण्यात उतरले. मीही उतरलो, पावसाळ्यातली तापी गढूळ होती, पण उकाड्यात बरे वाटले. बाहेर आल्यावर त्यांनी विचारले की असे ग्रहण पुन्हा कधी. सूर्यग्रहणे अठरा वर्षे आणि सुमारे अकरा दिवसांनी फिरून येतात, त्या हिशोबाने मी सांगितले, २ ऑगस्ट २०२७. तेव्हाही आषाढ अमावास्याच असेल. या खेपेला खग्रासचा पट्टा आफ्रिकेच्या उत्तरेवरून आणि अरबस्तानावरून जाणार आहे; प्रकाशाहून ग्रहण दिसेल ते खंडग्रास, दिवस कलताना, तेही ढग नसले तर. आजोबांनी बोटांवर आपले वय मोजले, मान हलवली आणि ओले धोतर पिळू लागले.