बहुवाहिनी ध्वनितबकडीचे रूपांतर

बहुवाहिनी ध्वनितबकडीचे रूपांतर म्हणजे तबकडीवरील पाच-सहा स्वतंत्र ध्वनिवाहिन्या संगणकीय फाइलमध्ये उतरवून घरी ऐकण्याजोग्या करणे.

उगम : सोनी व फिलिप्स यांची सुपर ऑडिओ सीडी 1999 मध्ये आली, पाठोपाठ 2000 मध्ये डीव्हीडी-ऑडिओ. दोन्हींना नक्कलरोधक संरक्षण होते (→ कूटलेखन).

वैशिष्ट्ये : सुपर ऑडिओ सीडीवर आवाज सेकंदाला 28,22,400 वेळा, दर वेळी एका बिटात नोंदला जातो. ही नोंद असलेला तबकडीचा थर संगणकाचा साधा डीव्हीडी ड्राइव्ह वाचू शकत नाही. प्लेस्टेशन 3 ची सुरुवातीची मॉडेल्स वाचतात. प्रथम तबकडीची आयएसओ प्रतिमा (एका फाइलमधील संपूर्ण नक्कल) घेतात, मग वाहिन्या सुट्या करून 88.2 किंवा 176.4 किलोहर्ट्झच्या पीसीएममध्ये बदलतात आणि श्राव्यातीत गोंगाट गाळतात. फ्लॅक फाइलमध्ये आठ वाहिन्या मावतात. सहा वाहिन्यांचा क्रम ठरलेला असतो : पुढचा डावा, पुढचा उजवा, मधला, मंद्र, मागचा डावा, मागचा उजवा. तो चुकला, तर गायकाचा आवाज पाठीमागून येतो.

डीटीएस सीडीची (डीटीएस संकेतात बहुवाहिनी ध्वनी नोंदलेल्या सीडीची) गोष्ट वेगळी. ती साध्या सीडीसारखीच उतरवता येते. मात्र विसंकेतकाविना नुसती खरखर ऐकू येते.

महत्त्व : प्लेअर बंद पडला तरी ध्वनिमुद्रण हाताशी राहते (→ ध्वनिसंग्रह). मात्र भारतीय प्रताधिकार कायद्यात 2012 च्या दुरुस्तीने आलेले कलम 65क हक्कभंगाच्या हेतूने संरक्षण भेदणे हा गुन्हा ठरवते. खाजगी वापराची तरतूद कलम 52 मध्ये आहे (→ प्रताधिकार).