जुने प्रोग्राम, नवी यंत्रे

काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या कार्यालयात घडलेला प्रसंग. शाळेत नवा संगणक आला. जुन्या संगणकातील सर्व फाइली नव्यावर उतरवून झाल्या. परंतु १९९६ पासून निकालपत्रके तयार करणारा प्रोग्राम काही केल्या सुरू होईना. 'हा प्रोग्राम या संगणकावर चालू शकत नाही', अशा अर्थाची एक ओळ पडद्यावर उमटे आणि सारे तिथेच थांबे. ज्या शिक्षकांनी तो हौसेने लिहिला होता ते केव्हाच निवृत्त झाले होते. कार्यालयातील बाई म्हणाल्या, "सर, कालपर्यंत तर चालत होता. मग बिघडलं काय?"

प्रश्न साधा वाटतो, पण विचार करण्यासारखा आहे. लोखंड गंजते, कागद पिवळा पडतो, शाई फिकट होते. प्रोग्राम मात्र झिजत नाही. त्या फाइलीतला एकही अंक बदललेला नव्हता. मग प्रोग्राम 'जुना होतो' म्हणजे नेमके काय होते? आणि तो पुन्हा चालवण्यासाठी संगणक बनवणाऱ्यांनी आजवर काय काय केले? याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे.

एका यंत्रात दुसरे यंत्र

१९५९ साली आयबीएम कंपनीने १४०१ नावाचा संगणक जाहीर केला. त्या काळाच्या मानाने तो स्वस्त होता आणि असे दहा हजारांहून अधिक संगणक बसवले गेले. पगारपत्रके, विम्याचे हप्ते, बिले अशा कामांचे प्रोग्राम त्यावर वर्षानुवर्षे लिहिले गेले.

मग ७ एप्रिल १९६४ रोजी याच कंपनीने सिस्टिम ३६० ही नवी मालिका जाहीर केली. लहानमोठ्या सर्व यंत्रांनी एकच आज्ञासंच पाळायचा, म्हणजे लहान यंत्रावरचा प्रोग्राम मोठ्यावरही चालेल, ही तिच्यामागची कल्पना होती. पुढच्या काळासाठी ती सोयीची होती, पण मागचे काय? १४०१ चे प्रोग्राम नव्या यंत्राला समजणारेच नव्हते. दोन्ही यंत्रांची भाषा वेगळी, स्मृतीची रचना वेगळी. त्यातच डिसेंबर १९६३ मध्ये हनीवेल या प्रतिस्पर्धी कंपनीने १४०१ शी मिळताजुळता संगणक आणला होता आणि त्यासोबत जुने प्रोग्राम रूपांतरित करून देणारे 'लिबरेटर' हे साधनही दिले होते. जुने प्रोग्राम पुन्हा लिहावे लागणार असतील, तर ग्राहक दुसऱ्या कंपनीकडे का जाणार नाहीत?

आयबीएमच्या अभियंत्यांनी शोधलेला उपाय असा. ३६० मालिकेतील बहुतेक यंत्रांमध्ये प्रत्येक आज्ञा कशी पार पाडायची याच्या बारीकसारीक सूचना एका वेगळ्या, कायमच्या स्मृतीत साठवलेल्या असत. त्या सूचनांच्या जोडीला १४०१ च्या आज्ञा पाळण्याच्या सूचनाही घातल्या, की तेच यंत्र गरजेनुसार १४०१ सारखे वागू लागे. याला त्यांनी 'एम्युलेटर' असे नाव दिले. मराठीत आपण त्याला अनुकारक म्हणू. नवे यंत्र इतके वेगवान होते, की काही जुने प्रोग्राम मूळ यंत्रापेक्षा त्याच्यावर अधिक लवकर पुरे होत.

या कल्पनेचे बीज त्याहून जुने आहे. १९३६ साली अ‍ॅलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञाने दाखवून दिले होते, की दुसऱ्या कोणत्याही गणनयंत्राचे वर्णन वाचून त्याच्याप्रमाणे वागू शकेल असे एक सर्वसमावेशक यंत्र कल्पिता येते. कागदावरचा हा सिद्धान्त तीस वर्षांच्या आत पगारपत्रके वाचवण्याच्या कामी आला!

लेखी करार आणि अंगवळणी पडलेल्या सवयी

आता आपल्या ओळखीच्या टेबलावरच्या संगणकाकडे वळू. प्रोग्राम आणि यंत्र यांच्यामध्ये एक व्यवस्थापक असतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. 'ही फाइल उघडून दे', 'इतकी स्मृती दे' अशा मागण्या प्रोग्रामने त्याच्याकडे करायच्या असतात. कोणती मागणी कशी करायची याचे नियम लेखी असतात. पण नियमात नसलेल्या अनेक गोष्टीही त्या त्या यंत्रावर नेहमीच तशा घडत असतात, आणि प्रोग्राम लिहिणारा कळत नकळत त्यांच्यावर विसंबतो. नवी यंत्रणा लेखी करार बहुधा पाळते. मोडतात त्या सवयी. याची काही उदाहरणे पाहू.

१९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर होता. स्मृतीतील जागा दर्शवण्यासाठी त्याला २० तारा होत्या. म्हणजे २ चा २० वा घात, १०,४८,५७६ जागा. शेवटच्या जागेच्या पुढचा पत्ता मागितला, की तो फिरून शून्यावर येई. स्कूटरचा किलोमीटर मोजणारा आकडा ९९,९९९ नंतर ००,००० होतो, अगदी तसेच. काही प्रोग्रामांनी या फिरण्याचाच उपयोग करून घेतला होता. खुद्द डॉसमध्ये, त्याहून जुन्या सीपी/एम पद्धतीच्या प्रोग्रामांसाठी ठेवलेली एक वाट याच वळणावरून जात होती.

१९८४ च्या पीसी-एटीमध्ये ८०२८६ हा प्रोसेसर आला. त्याला २४ तारा होत्या. आता पत्ता शून्यावर फिरेना, तो सरळ पुढच्या जागेत जाऊ लागला. जुने प्रोग्राम अडू नयेत म्हणून आयबीएमने एकविसाव्या तारेवर एक फाटक बसवले. ते बंद असले की यंत्र जुन्यासारखे वागे. गंमत म्हणजे हे फाटक उघडण्या-मिटण्याचे काम कळफलक सांभाळणाऱ्या चिपकडे सोपवले, कारण तिचा एक पाय मोकळा होता! स्मृतीच्या पत्त्याचा आणि कळफलकाचा परस्परसंबंध काय, असे कोणालाही वाटेल. पण दोन दशकांहून अधिक काळ पीसी हे फाटक सोबत घेऊन वावरत होते.

दुसरे उदाहरण वेगाचे. टर्बो पास्कल ही भाषा आपल्याकडेही अनेकांनी शिकली. तिच्यात ठरावीक मिलिसेकंद थांबण्याची सोय होती. त्यासाठी प्रोग्राम सुरू होताच घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे सुमारे ५५ मिलिसेकंदांत, यंत्र किती फेऱ्या मारते ते मोजले जाई आणि त्या संख्येला ५५ ने भागले जाई. भागाकार ठेवायला १६ बिटांची जागा होती. तिच्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या ६५,५३५. म्हणजे फेऱ्या सुमारे ३६ लाखांच्या वर गेल्या, की भागाकार मावणार नाही. भाषा तयार झाली तेव्हा असे यंत्र कोणाच्या टेबलावर नव्हते. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रोसेसर २०० मेगाहर्ट्झच्या पुढे गेले आणि चांगले चालणारे प्रोग्राम सुरू होताच बंद पडू लागले. पडद्यावर संदेश येई 'शून्याने भागाकार', कारण भागाकार न मावणे आणि शून्याने भागणे या दोन्ही चुकांसाठी प्रोसेसर एकच इशारा देतो. प्रत्यक्षात शून्य कुठेच नव्हते. यंत्र अपेक्षेपेक्षा वेगवान झाले, एवढाच त्याचा दोष. हे गणित आठवी-नववीच्या वर्गात फळ्यावर सहज करून दाखवता येईल.

प्रोग्रामशी गोड बोलणे

२४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ बाजारात आली. लोकांनी ती घ्यावी, तर त्यांचे जुने प्रोग्राम तिच्यावर चालले पाहिजेत. त्यासाठी मायक्रोसॉफ्टने एक वेगळा मार्ग वापरला. जुन्या प्रोग्रामला त्याच्या सोयीचे उत्तर द्यायचे.

या आवृत्तीचा खरा क्रमांक ४.० होता. पण काही प्रोग्राम 'निदान ३.१० आवृत्ती हवी' ही अट चुकीच्या रीतीने तपासत. बिंदूच्या आधीचा आकडा ३ किंवा अधिक आहे का आणि नंतरचा १० किंवा अधिक आहे का, असे ते वेगवेगळे पाहत. ४.० मध्ये बिंदूनंतर शून्य, म्हणजे हे प्रोग्राम नव्या आवृत्तीलाच जुनी ठरवून अडून बसणार. म्हणून विंडोज ९५ जुन्या १६-बिट प्रोग्रामांना आपला क्रमांक ३.९५ सांगे. त्याआधी १९९१ च्या डॉस ५ मध्येही कोणत्या प्रोग्रामला कोणता क्रमांक सांगायचा याची यादी ठेवण्याची सोय होती.

सिमसिटी या प्रसिद्ध खेळाची हकिगत तर अनेकदा सांगितली जाते. हा खेळ वापरून परत केलेली स्मृती लगेच पुन्हा वाचत असे. तास संपवून वर्गाबाहेर गेलेल्या शिक्षकाने पुन्हा डोकावून फळ्यावरचे आपलेच अक्षर वाचावे, तसे. जुन्या व्यवस्थेत फळा लगेच पुसला जात नसे, म्हणून चूक उघडी पडली नाही. नव्या व्यवस्थेत तो पुसला जाऊ लागला आणि खेळ कोसळला. तेव्हा विंडोज ९५ च्या कर्त्यांनी अशी तजवीज केली, की सिमसिटी चालू असेल तर फळा लगेच पुसायचा नाही. चूक खेळाची होती, पण ती सांभाळून घेतली ऑपरेटिंग सिस्टिमने. कारण विकत घेणारा माणूस दोष नव्या यंत्रणेलाच देणार!

अ‍ॅपल कंपनीने निराळी वाट धरली. तिने १९९४, २००६ आणि २०२० अशा तीन वेळा प्रोसेसरचे घराणेच बदलले. दर वेळी जुन्या आज्ञांचे नव्या भाषेत रूपांतर करणारा दुभाषा सोबत दिला. पण २००६ मध्ये दिलेला दुभाषा २०११ मध्ये काढूनही घेतला. म्हणजे सवलत होती, पण मुदतीची.

ओझे उतरते तेव्हा

प्रत्येक जुनी सवय सांभाळायची तर यंत्रणा जड होत जाते. केव्हातरी ओझे उतरवावे लागते. इंटेलच्या १९८५ च्या ८०३८६ प्रोसेसरमध्ये डॉसच्या प्रोग्रामांसाठी एक खास अवस्था होती. तीत प्रत्येक प्रोग्रामला आपण एकट्यानेच एक जुना पीसी वापरत आहोत असे वाटे. ६४-बिट पद्धतीने चालणाऱ्या प्रोसेसरमध्ये ही अवस्था उपलब्ध नसते. ६४-बिट विंडोजने डॉसच्या आणि १६-बिट प्रोग्रामांचा आधार काढून घेतला. २०२१ च्या विंडोज ११ ला तर ३२-बिट आवृत्तीच नाही. आमच्या शाळेतल्या प्रोग्रामचे 'बिघडलं काय' ते हेच. तो होता तसाच होता. त्याच्या पायाखालची फरशी काढली गेली होती.

अशा वेळी पुन्हा १९६४ चीच युक्ती कामी येते. २००२ साली आलेला डॉसबॉक्स हा विनामूल्य प्रोग्राम नव्या संगणकात जुना पीसी उभा करतो. त्याचा प्रोसेसर, पडदा, ध्वनी, सारे काही फक्त प्रोग्रामच्या रूपात. जुनी आज्ञा तो वाचतो, तिचा अर्थ लावतो आणि मूळ यंत्राने जे केले असते ते करतो. यंत्राचा वेगही आपल्याला कमी करता येतो, त्यामुळे वर सांगितलेली भागाकाराची अडचणही टळते. २०१५ च्या जानेवारीत इंटरनेट आर्काइव्हने डॉसचे दोन हजारांहून अधिक खेळ याच मार्गाने सर्वांना खुले केले.

शिक्षकांनी काय करावे?

सुटकेचा मार्ग सापडला की तिथेच मुक्काम करण्याचा मोह होतो. आपल्याकडच्या कित्येक महाविद्यालयांत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचे टर्बो सी++ डॉसबॉक्समधून चालवून विद्यार्थ्यांना शिकवले गेले. सी++ चे पहिले आंतरराष्ट्रीय मानक १९९८ सालचे, म्हणजे ते शिकवण्याचे साधन मानकाच्याही आधीचे. त्यात गिरवलेले काही नियम विद्यार्थ्याला बाहेर पडल्यावर विसरावे लागतात. जुने साधन जपणे वेगळे आणि नव्याऐवजी तेच शिकवत राहणे वेगळे.

दुसरी गोष्ट आपल्या मराठी फाइलींची. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण आपल्याकडे अनेक वर्षे विशिष्ट फाँटवर अवलंबून असलेले टंकलेखन चालले. तो फाँट नसला, की प्रश्नपत्रिकेच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. इथेही फाइल शाबूत असते, वाचण्याची किल्ली हरवलेली असते. असे फाँट अजून हाताशी असतील तोवर त्या फाइली युनिकोडमध्ये उतरवून घेणे शहाणपणाचे.

शाळेच्या कार्यालयात आम्ही आधी सर्व फाइलींची वेगळी प्रत काढली, कारण डॉसबॉक्स मुख्यतः खेळांसाठी बनवलेला आहे, मौल्यवान नोंदींवर थेट प्रयोग करणे बरे नव्हे. मग प्रतीवर प्रोग्राम चालवला. निळा पडदा आला आणि बाईंचा चेहरा उजळला. छपाई मात्र होईना, तेव्हा निकाल कागदाऐवजी साध्या मजकुराच्या फाइलीत उतरवायला सांगितले. दोन दुपारी त्यात गेल्या. पण जुन्या विद्यार्थ्यांचे गुण आता कोणत्याही संगणकावर उघडता येतील अशा रूपात आहेत.

महिन्याभराने एक माजी विद्यार्थी गुणपत्रिकेची दुसरी प्रत मागायला आला. बाईंनी त्याचे नाव शोधले आणि दोन मिनिटांत त्याचे गुण काढून दिले. त्यासाठी जुना प्रोग्राम उघडावाच लागला नाही.