सातारा, १७०८ : किल्ला कितीला पडला?

आठ-नऊ वर्षांत साताऱ्याच्या किल्ल्याला दोन वेढे पडले. पहिला औरंगजेबाचा, डिसेंबर १६९९ चा. आत किल्लेदार प्रयागजी प्रभू. एप्रिल १७०० मध्ये मोगलांनी दोन सुरुंग उडवले. दुसऱ्याचा तट उलटा बाहेर कोसळला आणि त्यांचीच सुमारे दोन हजार माणसं गाडली गेली. त्या वेढ्याची किंमत अशी मोजता येते.

दुसरा वेढा घरातला. १७०७ मध्ये शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आले. ताराबाईंच्या पक्षानं त्यांना तोतया ठरवलं. गंमत बघा, शाहूंचं जन्मनाव शिवाजी आणि ताराबाईंच्या मुलाचंही शिवाजी. दोघेही थोरल्या महाराजांचे नातू! खेडच्या लढाईत धनाजी जाधव शाहूंना मिळाले आणि वेढा साताऱ्याला आला. आत परशुराम त्रिंबक प्रतिनिधी, ताराबाईंच्या बाजूचे. हवालदार होते शेख मिरा. त्यांची बायकामुलं वाईला. ग्रँट डफनं दिलेली हकीकत अशी, की शाहूंनी ती आणवली आणि किल्ला न दिल्यास तोफेच्या तोंडी देऊ, असा निरोप वर धाडला. शेख मिरांनी प्रतिनिधींनाच कैद केलं, दरवाजा उघडला. १२ जानेवारी १७०८ ला शाहूंचा राज्याभिषेक झाला.

मग हा वेढा स्वस्तात पडला म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. परक्याला तट फोडावा लागतो, कारण त्याला तटच दिसतो. भाऊबंदाला तुमचं घर कुठं आहे, मुलं किती, हे ठाऊक असतं. यादवीत ओळख हेच हत्यार होतं. शेख मिरांना फितूर म्हणणं सोपं. पण इमान गादीशी म्हणावं, तर गादी कोणती, हाच तर तंटा होता!

पुढं याच शाहूंनी परशुरामपंतांना पुन्हा प्रतिनिधिपद दिलं. कालचा कैदी आज दरबारात. यादवीतल्या शत्रूबरोबर शेवटी नांदावंच लागतं. मात्र राज्य सांधलं नाही. १७३१ च्या तहानं वारणा हीच हद्द ठरली. उत्तरेला सातारा, दक्षिणेला कोल्हापूर. सांगलीकरांनो, ती नदी तुमच्या शिवारातून वाहते. बिनरक्ताच्या वेढ्याची किंमत शोधायची, तर साताऱ्याच्या तटावर नको, वारणेच्या काठी शोधा.