तळ्याकाठचा उन्हाळा : भंडारा जिल्ह्यातील सुट्टीच्या प्रवासाचा इतिहास

मुलाबाळांसह तप्त मुलखाकडे, तेही ऐन उन्हाळ्यात, प्रवास करण्याची प्रथा केवळ वाळवंटी प्रदेशात आढळते असे नाही. वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि धानाची शेती व जंगल यांमुळे हा जिल्हा हिरवा समजला जातो. तरीही एप्रिलच्या मध्यापासून मृगाच्या सरींपर्यंत तेथील हवा इतकी कोरडी आणि वारा इतका भाजणारा असतो की, त्या दोन महिन्यांपुरता हा मुलूख राजस्थानच्या पंक्तीत बसावा. मे महिन्यात पारा अनेकदा ४५ अंश सेल्सिअसच्या घरात जातो. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरल्यानंतरच्या पहिल्या नऊ दिवसांना, म्हणजे साधारणतः २५ मेपासूनच्या काळाला, नवतपा म्हणतात आणि हे दिवस जितके तापतील तितका पुढचा पाऊस चांगला, अशी शेतकऱ्यांची समजूत आहे. नेमक्या याच दिवसांत लेकीबाळी मुलांना घेऊन माहेरी येत आणि नागपूर, रायपूर, मुंबई-पुण्याकडे नोकरीनिमित्त गेलेली कुटुंबे गावाकडे परतत. इतक्या कडक उन्हाचा प्रदेश मुलांच्या सुट्टीचे ठिकाण कसा झाला, या प्रश्नाचे उत्तर तेथील तलाव, आमराया आणि घरांची घडण यांच्या इतिहासात सापडते.

या प्रथेचे मूळ शाळेच्या वेळापत्रकापेक्षा जुने असून ते शेतीच्या चक्रात आहे. वैनगंगेच्या पूर्वेकडील जंगलव्याप्त पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. तेथे धान हे मुख्य पीक असल्याने कापणी-मळणीची घाई हिवाळ्याबरोबर ओसरते आणि लाखोळी, जवस, हरभरा यांसारखी ओलाव्यावर येणारी पिके निघाली की शेतात नांगरणी व शेणखत टाकणे एवढीच कामे उरतात. अक्षय तृतीयेपासून मृग नक्षत्रापर्यंतचा हा मोकळा काळ लग्नकार्यांचा आणि माहेरपणाचा ठरला, कारण पाऊस सुरू झाल्यावर चिखलणी आणि रोवणीसाठी घरातील प्रत्येक हात लागत असे व सुनेला माहेरी धाडणे कोणत्याही घराला परवडत नसे. म्हणजे प्रवासासाठी हवामानाने सर्वांत वाईट ठरवलेला काळच श्रमाच्या हिशेबाने एकमेव सोयीचा होता. १८५३ मध्ये नागपूरचे तिसरे रघूजी भोसले वारल्यानंतर त्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले, १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि सरकारी शाळांबरोबर उन्हाळी सुट्टी आली; पण या सुट्टीने नवी प्रथा निर्माण करण्याऐवजी आधीच्या माहेरपणाला तारखा तेवढ्या दिल्या. आजही विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या तुलनेत उशिरा, जूनच्या उत्तरार्धात उघडतात, यामागे तोच उन्हाळा आहे.

राज्यकर्त्यांनी मात्र वेगळा मार्ग निवडला. मध्य प्रांताचा कारभार उन्हाळ्यात सातपुड्यातील पचमढीला हलत असे, वऱ्हाडातील अधिकाऱ्यांसाठी मेळघाटातील चिखलदरा होते आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या बायकामुलांना उष्म्यापासून दूर उंचावर नेणे हे आरोग्याचे पहिले पथ्य मानले जाई. भंडाऱ्याच्या रयतेला उंची उपलब्ध नव्हती; तिने पाणी आणि सावली यांचा आश्रय घेतला. थंड हवेच्या ठिकाणांचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला, मात्र खालच्या मैदानात राहून उन्हाळा सुसह्य करण्याच्या या देशी व्यवस्थेकडे अभ्यासकांनी त्या मानाने कमी लक्ष दिले, ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे.

या व्यवस्थेचा कणा म्हणजे तलाव. भंडारा आणि १ मे १९९९ रोजी त्यातून वेगळा झालेला गोंदिया हे दोन्ही जिल्हे तलावांचे जिल्हे म्हणून ओळखले जातात. चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर जिल्ह्यांचा काही भाग धरला, तर पूर्व विदर्भातील जुन्या तलावांची संख्या सहा हजारांहून अधिक भरते. यांतील बहुसंख्य तलाव बांधण्याचे श्रेय कोहळी समाजाकडे जाते. हा समाज काशीकडून आला अशी परंपरागत समजूत असून, १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील आपल्या ग्रंथात रसेल आणि हिरालाल यांनी कोहळ्यांचे तलाव बांधण्याचे आणि ऊस पिकवण्याचे कौशल्य नोंदवले आहे. गोंड राजांनी, आणि पुढे भोसल्यांनीही, जो जंगल तोडून तलाव बांधील त्याला जमीन देण्याचे धोरण ठेवले. चांद्याकडे, म्हणजे आजच्या चंद्रपूरकडे, अशा देणगीला तुकूम म्हणत. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे स्थानिक परंपरा सांगते. हा तलाव आता गोंदिया जिल्ह्यात मोडत असला, तरी त्याच्या घडणीचा काळ आणि समाज दोन्ही जिल्ह्यांना सामाईक आहेत.

तलावाची रचना समजून घेतल्याशिवाय उन्हाळ्यातील त्याचे स्थान कळत नाही. दोन टेकड्यांच्या किंवा उंचवट्यांच्या मध्ये मातीची पाळ घालून ओढ्याचे पाणी अडवले जाई, शेताला पाणी सोडण्याच्या तोंडाला तुडूम म्हणत आणि जादा पाणी वाहून जाण्याच्या सांडव्याला सलंग. एका तलावाच्या सलंगातून निघालेले पाणी खालच्या तलावात किंवा बोडीत, म्हणजे शेतातील छोट्या तळ्यात, पोहोचत असल्याने संपूर्ण पाणलोट साखळीने बांधला गेलेला असे. मुख्य हेतू धानाला भाद्रपद-आश्विनात पावसाने ओढ दिल्यास पाणी देणे हा होता. त्यामुळे उन्हाळ्यापर्यंत बोड्या कोरड्या पडत आणि मोठ्या तलावांत पोटापुरते पाणी राही. हे राहिलेले पाणी शेतीसाठी वापरायचे नाही, ते गुरांसाठी, धुण्या-आंघोळीसाठी आणि मासोळीसाठी आहे, हा गावाचा संकेत होता. गावकऱ्यांच्या अशा सामाईक वापराच्या हक्काला निस्तार हक्क म्हणत आणि इंग्रजी अमदानीतील बंदोबस्तात गावच्या रूढींची नोंद ज्या दस्तऐवजात केली जाई, त्या वाजिब-उल-अर्जमध्ये हे हक्क लिहिलेले असत. सुट्टीला आलेल्या नातवंडांनी सकाळ-संध्याकाळ तलावात डुंबावे, पोहायला शिकावे, मासेमारी करणाऱ्या ढिवर कुटुंबांकडून आटत्या पाण्यातील मासे घ्यावेत, हे सारे या नोंदलेल्या सामाईक हक्काच्या छत्राखाली घडत होते. अर्थात, त्या काळच्या गावात पाण्याचे घाट जातीनुसार विभागलेले होते आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या कुटुंबांच्या मुलांना तोच तलाव त्याच मोकळेपणाने लाभत नव्हता, ही वस्तुस्थिती नोंदवल्यावाचून या व्यवस्थेचे कोणतेही वर्णन प्रामाणिक ठरणार नाही.

प्रवासाची रीतही उन्हानेच ठरवली होती. खासर म्हणजे माल वाहण्याची जड बैलगाडी, तर माणसांच्या प्रवासासाठी हलकी रेंगी जुंपली जाई. तिच्यावर तट्ट्याचे छत घालून आत तणसाची गादी केली जाई, पहाटे चांदण्यात निघून ऊन चढण्यापूर्वी एखाद्या आमराईत किंवा तलावाच्या पाळीवर थांबायचे, दुपार तेथेच काढायची आणि दिवस कलल्यावर पुन्हा बैल जुंपायचे, असा क्रम असे. नागपूरहून भंडारा, साकोली आणि देवरीमार्गे रायपूरकडे जाणारा जुना ग्रेट ईस्टर्न रोड हा या वाहतुकीचा मुख्य मार्ग होता आणि आजचा राष्ट्रीय महामार्ग त्याच दिशेने जातो. १८८० च्या दशकाच्या आरंभी नागपूर-छत्तीसगड रेल्वेचा मीटरमापी मार्ग राजनांदगावपर्यंत पोहोचला, १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तो ताब्यात घेऊन रुंदमापी केला, आणि भंडाऱ्यासाठी वरठी येथे तर तुमसरसाठी देव्हाडी येथे स्थानके झाली. ही स्थानके गावांपासून दूर असल्याने रेल्वेने रेंगीला हद्दपार केले नाही, उलट शेवटच्या टप्प्यासाठी तिची गरज वाढवली. भाच्यांना घ्यायला मामाने स्टेशनावर गाडी पाठवण्याची रीत याच काळात रूढ झाली असावी, असे मानण्यास जागा आहे.

घरी पोहोचल्यानंतरचा दिवसही उन्हाच्या शिस्तीत बांधलेला होता. जाड मातीच्या भिंती, कवेलूंचे उतरते छप्पर, समोर ओसरी आणि मागे सांदवाडी, म्हणजे घरामागची झाडझाडोऱ्याची मोकळी जागा, ही झाडीपट्टीतील घराची सर्वसाधारण घडण होती. अंगणात हिरव्या फांद्यांचा मांडव पडे, सकाळ-संध्याकाळ सडा घातला जाई आणि सधन घरांत दारे-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी शिंपडले जाई. दहा वाजल्यानंतर मुलांनी उंबरठा ओलांडायचा नाही, हा नियम आजीच्या धाकाने पाळला जाई. लहान मुलांचे शरीर प्रौढांपेक्षा लवकर तापते आणि खेळण्याच्या भरात त्यांना तहानेची जाणीव उशिरा होते, हे आजचे वैद्यकशास्त्र सांगते. त्या काळच्या घरांनी ते अनुभवाने ओळखले होते आणि कैरीचे पन्हे, ताक, तांदळाची पेज, आंबील अशा पातळ, बहुधा किंचित मीठ घातलेल्या पदार्थांची रेलचेल ठेवून त्यावर उपाय केला होता. ऊन लागू नये म्हणून मुलांच्या खिशात कांदा ठेवण्याच्या रूढीला मात्र औषधी आधार नाही. वैनगंगेच्या पात्रात पाणी ओसरल्यावर वाळूत टरबूज, खरबूज आणि काकडीच्या वाड्या लावल्या जात आणि भंडारा, पवनीसारख्या नदीकाठच्या गावांत सुट्टीचा अर्थ या फळांशी जोडला गेला होता.

सुट्टी सर्वांच्या वाट्याला येत नव्हती, हेही येथे सांगायला हवे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचण्याचा आणि त्यानंतर मे महिन्यापर्यंत तेंदूपत्ता तोडण्याचा हंगाम असतो. विडी उद्योग हा या जिल्ह्याचा विसाव्या शतकातील मोठा आधार असल्याने त्या पानांना मागणी होती, आणि भूमिहीन, गोंड व इतर श्रमिक कुटुंबांची मुले पहाटे आईवडिलांबरोबर जंगलात जाऊन दुपारी पुडके बांधायला बसत. एकाच गावातील काही मुलांसाठी मे हा आंब्यांचा महिना होता, तर काहींसाठी पानांचा, आणि दुसऱ्या गटाचा उन्हाळा साहित्यात क्वचितच आला आहे.

खऱ्या वाळवंटाकडे मुलांना घेऊन जाणारा प्रवाहही पूर्व विदर्भातून वाहत होता. नागपूर, वर्धा, गोंदिया आणि तुमसरच्या बाजारपेठांत स्थिरावलेली मारवाडी कुटुंबे सीकर, झुंझुनू, बिकानेर या आपल्या मूळ मुलखाशी नाते राखून होती. बिकानेरचे डागा घराणे नागपूर-कामठीत सावकारीत अग्रेसर होते, आणि १८८९ मध्ये सीकरजवळच्या काशी का बास येथे जन्मलेले जमनालाल बजाज बालपणीच वर्ध्याच्या बच्छराज यांच्या घरी दत्तक आले. मुलाचे पहिले केस कुलदैवताच्या ठिकाणी उतरवण्याच्या विधीला जडूला म्हणतात आणि त्यासाठी अशी कुटुंबे तान्ह्या मुलांसह राजस्थान गाठत. शेखावाटीत पाऊस भंडाऱ्याच्या एकतृतीयांशाच्या आसपास पडतो; तेथील समाजाने जोहड, म्हणजे पावसाचे पाणी साठवणारी तळी, पायऱ्यांच्या विहिरी आणि आतल्या चौकाभोवती बांधलेल्या हवेल्या यांच्या आधाराने वस्ती टिकवली. पाणी साठवणे, दुपार टाळणे आणि घराचा गाभा गार राखणे या तीन गोष्टींत वाळूचा मुलूख आणि धानाचा मुलूख यांनी एकमेकांपासून दूर राहूनही तीच उत्तरे शोधली, हे या तुलनेतून स्पष्ट दिसते.

भंडाऱ्यातील व्यवस्था ढासळू लागली ती स्वातंत्र्यानंतर, आणि तिचे कारण एका न्याय्य सुधारणेच्या अपुऱ्या अंमलबजावणीत आहे. १९५० च्या कायद्याने तत्कालीन मध्य प्रदेशात मालगुजारी, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या मध्यस्थांच्या जमीनमालकीची पद्धत, रद्द झाली आणि १९५१ पासून मालगुजारांचे तलाव सरकारजमा झाले. हेच आजचे माजी मालगुजारी, सरकारी भाषेत ‘मामा’, तलाव होत. मालगुजारी जाणे आवश्यक होते, पण पाळीची डागडुजी, तुडुमाची देखरेख आणि गाळ काढणे ही कामे वेठीने का होईना ज्या यंत्रणेकडून होत, तिच्या जागी तितकीच जवळची दुसरी यंत्रणा उभी राहिली नाही. तलाव गाळाने उथळ झाले, काठ अतिक्रमणाने आक्रसले, बेशरम नावाची झुडपे माजली आणि मे महिन्यात पाणी टिकेनासे झाले. याच सुमारास वीज गावोगाव पोहोचली आणि वाळ्याच्या ताटीचे तत्त्व पंख्याला जोडणारा कूलर घरात आला. कोरड्या हवेत पाण्याच्या बाष्पीभवनाने गारवा निर्माण करणारे हे यंत्र विदर्भाच्या उन्हाळ्याला अचूक मानवले, आणि मुलांची दुपार तलावाच्या पाळीवरून बंद खोलीत सरकली. कूलरने अनेक जीव वाचवले असतील. पण त्याने गावाच्या सामाईक गारव्याची जागा प्रत्येक घराच्या खासगी गारव्याला दिली, आणि ज्याच्याकडे वीज वा पैसा नाही त्याला काहीच उरले नाही.

नदीचे रूपही पालटले. पवनीजवळ गोसेखुर्द येथे २२ एप्रिल १९८८ रोजी भूमिपूजन झालेल्या धरणाचे पाणी भंडारा शहरापर्यंत फुगले असून, त्याखाली वाळूतील टरबुजांच्या वाड्या गेल्या आणि नागपूरकडून नाग नदीने आणलेल्या सांडपाण्याने पात्राचा पूर्वीचा वापर अवघड केला. त्याच जलाशयावर आता राज्य शासनाने जलपर्यटनाची योजना आखली आहे. कोका अभयारण्य, उमरेड-कऱ्हांडल्याचा पवनी तालुक्यातील भाग आणि २०१३ मध्ये घोषित झालेला नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प येथे उन्हाळ्यात शहरांतील कुटुंबे मुलांसह येतात, कारण पाणवठे आटल्यावर उरलेल्या पाण्यावर वन्यप्राणी हमखास दिसतात. तेथील सफारीच्या वेळाही पहाटेच्या आणि दुपार कललेल्या, म्हणजे रेंगीच्याच, आहेत. दुसरीकडे भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळासारख्या संस्था ढिवर सहकारी संस्थांबरोबर निवडक मामा तलावांतील बेशरम उपटून तेथे देशी पाणवनस्पती लावत आहेत, आणि या तलावांत देशी मासे व पक्षी परतू लागल्याचे आढळले आहे. हे काम बहुतांश उन्हाळ्यातच, पाणी उतरल्यावर, चिखलात उभे राहून करावे लागते आणि त्यात ढिवर स्त्रियांचा वाटा मोठा आहे.