गाणारीचं नाव काय?

आम्ही हरसूलहून बोलतोय, बचत गटाच्या बाया.

मीटिंगमध्ये हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या, की आमच्यात गाणी सुरू होतात. एकदा गटातल्या एका सुनेने आजीचं लग्नातलं गाणं मोबाइलवर रेकॉर्ड केलं. दोन दिवसांत ते गावभर फिरलं. गाणं सगळ्यांना आवडलं, पण गाणारी कोण, हे कुणीच विचारलं नाही. आजी म्हणाली, "बाईच्या गाण्याला कुठं नाव असतं?" ते आम्हाला लागलं.

आपल्याच जिल्ह्यातले वामनदादा कर्डक बघा. १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मले. बाबासाहेबांचा विचार त्यांनी हजारो गाण्यांतून गावोगाव नेला. गाणी पसरली ती वस्त्यांतल्या कार्यक्रमांतून आणि गायन पार्ट्यांच्या तोंडून. पण कितीतरी गाण्यांच्या शेवटच्या कडव्यात 'वामन' हे नाव येतं. त्यामुळे गाणं कुणीही गायलं तरी ते कुणाचं, हे कळतं.

जात्यावर ओवी गाणारी बाई मात्र भावाचं, लेकाचं, विठ्ठलाचं नाव घेते. स्वतःचं क्वचितच. पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, आणि ओव्याही विसरू लागल्या. तेव्हा पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सोबतच्या कार्यकर्त्यांना घेऊन गावोगावच्या ओव्या लिहून घेतल्या, पुढे आवाजही टेप केले. हजाराहून जास्त गावं, एक लाखाहून जास्त ओव्या! ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गावही नोंदवलं. २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'वर त्या ऐकायला मिळतात.

आमच्या डोंगरातही असा ठेवा आहे. थाळीत मेणाने काडी उभी करायची, तिच्यावरून बोटं ओढायची, की थाळी घुमते. त्या सुरावर कणसरीची, म्हणजे धान्यदेवीची कथा गातात. लिहून ठेवलं नाही, तर गाणाऱ्याबरोबर गाणंही जाईल.

म्हणून आम्ही गटात एक वेगळी वही केली. गाणं, गाणारीचं नाव, माहेर, सासर, गाणं कधी गातात, आणि रेकॉर्ड करायला तिची परवानगी आहे का, एवढंच लिहायचं.

पहिलं पान आजीचं. नाव विचारलं, तर तिने नवऱ्याचं सांगितलं. आम्ही म्हटलं, "आजी, तुझं सांग." ती थोडी लाजली, मग मोठ्याने बोलली. ते आम्ही ठळक अक्षरात लिहिलं.

मैत्रिणींनो, तुमच्या घरातलं गाणं कुणाचं आहे? आजच विचारा.