टोरंटवर पिक्चर पाहताना तुम्ही तो वाटतही असता. ॲप, डेटा आणि कायद्याची सगळी माहिती

अहिल्यानगर : नवा मराठी पिक्चर लागला की दोन-चार दिवसांत गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक फिरायला लागते. सोबत मेसेज असतो, ‘डाउनलोड व्हायची वाट बघू नका, हे ॲप टाका, लगेच बघा.’ पोरं ॲप टाकतात, पिक्चर सुरूही होतो. अर्धा होईपर्यंत दिवसाचा डेटा संपतो आणि फोन तापतो. काही जणांच्या बाबतीत गोष्ट डेटावर थांबत नाही, थेट बँक खात्यापर्यंत जाते.

ही ॲप चालतात कशी, त्यातली चांगली कोणती, ती कशाला वापरावीत आणि कायदा काय म्हणतो, याची ही माहिती.

टोरंट म्हणजे सावड

आपल्याकडे पेरणीला, ज्वारी काढायला सावड करतात. आज माझ्या रानात तुम्ही, उद्या तुमच्या रानात मी. मजुरीचा पैसा लागत नाही, पण अंगमेहनत परत द्यावी लागते. टोरंटचं तंत्र असंच आहे.

साध्या डाउनलोडमध्ये फाइल एका मोठ्या कॉम्प्युटरवर असते आणि सगळे तिथूनच घेतात. एकाच नळावर अख्ख्या गावाची रांग लागावी तसं. टोरंटमध्ये फाइलचे शेकडो, हजारो तुकडे केलेले असतात. ज्याच्याकडे जो तुकडा आला, तो त्याने दुसऱ्याला द्यायचा. माणसं वाढली की रांग वाढत नाही, उलट वेग वाढतो. अमेरिकेतील ब्रॅम कोहेन याने २००१ मध्ये ही पद्धत तयार केली. तिचं नाव बिटटोरंट.

ज्याच्याकडे पूर्ण फाइल आहे आणि जो वाटतोय, त्याला ‘सीडर’ म्हणतात. सीडरच नसेल आणि बाकीच्यांकडेही सगळे तुकडे मिळून नसतील, तर फाइल ९७ टक्क्यांवर येऊन कायमची अडकू शकते. सावडीला माणूसच नाही, तर काम कसं उरकणार?

प्रत्येक तुकड्याचा आकडेमोडीने काढलेला एक ठसा असतो. आलेला तुकडा त्या ठशाशी जुळला नाही, तर ॲप तो टाकून देतं आणि पुन्हा मागवतं. म्हणून लाईट गेली, रेंज गेली तरी काम वाया जात नाही. जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं. पण एक लक्षात ठेवा : ठसा जुळला म्हणजे टाकणाऱ्याने टाकलेली फाइल जशीच्या तशी आली, एवढंच. टाकणाऱ्याने फाइलमध्येच घाण ठेवली असेल, तर तीही जशीच्या तशी येते.

डाउनलोड होता होता व्हिडिओ कसा दिसतो?

एरवी टोरंटचे तुकडे उलटसुलट येतात. जो तुकडा कमी लोकांकडे आहे तो आधी, असा साधारण नियम असतो. म्हणजे शेवटचा सीन आधी आणि सुरुवात नंतर येऊ शकते. त्यामुळे पूर्ण होईपर्यंत व्हिडिओ लागत नाही.

‘पाहता पाहता डाउनलोड’ करणारी ॲप तुकडे पहिल्यापासून ओळीने मागवतात. थोडा भाग पुढे साठला की प्लेअर सुरू होतो. शिवाय एमपी४ प्रकारच्या फाइलमध्ये कुठे काय आहे याची यादी कधी कधी शेवटी असते. म्हणून ही ॲप पहिला आणि शेवटचा तुकडा आधी घेतात.

याला वेग किती लागतो? २ तास २० मिनिटांचा, १.४ जीबीचा पिक्चर न अडकता पाहायचा तर सेकंदाला साधारण १.३ मेगाबिट वेग सलग मिळायला हवा. वेग मधेच पडला की व्हिडिओ थांबतो. एका काडीच्या रेंजवर हे होत नाही. तिथे रात्री डाउनलोडला लावून सकाळी पाहणं बरं.

ओपन सोर्स म्हणजे काय आणि ॲप कोणती?

सातबारा जसा कुणालाही काढून तपासता येतो, तसा ओपन सोर्स ॲपचा मूळ कोड कुणालाही पाहता येतो. आत चोरटं काही घातलं असेल, तर जाणकाराला सापडू शकतं. अशी ॲप बहुतेक फुकट असतात.

क्यूबिटटोरंट : कॉम्प्युटर आणि लॅपटॉपसाठी. जाहिराती नाहीत. यात तुकडे ओळीने घेण्याचा आणि पहिला-शेवटचा तुकडा आधी घेण्याचा, असे दोन वेगळे पर्याय आहेत. दोन्ही चालू केले की अर्धवट फाइल व्हीएलसी प्लेअरमध्ये पाहता येते. व्हीएलसीही ओपन सोर्सच आहे.

वेबटोरंट डेस्कटॉप : हेही कॉम्प्युटरसाठी. यात प्लेअर आतच आहे, त्यामुळे फाइल टाकली की व्हिडिओ सुरू होतो.

लिब्रेटोरंट : अँड्रॉइड फोनसाठी. एफ-ड्रॉइड या ओपन सोर्स ॲपच्या भांडारात मिळतं. ओळीने डाउनलोडची सोय आहे. सेटिंगमध्ये जाऊन ‘फक्त वायफायवर’ आणि ‘फक्त चार्जिंगला असताना’ चालण्याचं बंधन घालता येतं. फोनवर वापरणाऱ्याने ही दोन्ही बंधनं आधी घालावीत.

पॉपकॉर्न टाइम हे नावही बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. अर्जेंटिनातील काही तरुणांनी २०१४ मध्ये ते आणलं आणि त्याच वर्षी मार्चमध्ये बंदही केलं. कोड उघडा असल्याने इतरांनी त्याच नावाने पुढे अनेक ॲप काढली. त्यातलं खरं कोणतं आणि खोटं कोणतं, हे सामान्य माणसाला ओळखता येत नाही. या नावाची लिंक आली तर लांब राहिलेलं बरं.

घेताना देणंही सुरू असतं

टोरंटची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, आणि लिंक पाठवणारा ती सांगत नाही. तुम्ही पिक्चर पाहत असता, तेव्हा तुमच्याकडे आलेले तुकडे तुमचा फोन दुसऱ्यांना पाठवत असतो. सावडच ती. यूट्यूबवर पाहणं आणि टोरंटवर पाहणं यात हाच मोठा फरक आहे.

पहिला परिणाम डेटावर. रिचार्जमध्ये येणारा डेटा धरतात तो घेतलेला आणि पाठवलेला मिळून. १.४ जीबीचा पिक्चर घेतला आणि तेवढाच वाटला, तर २.८ जीबी गेले. रोजचा १.५ किंवा २ जीबीचा पॅक पिक्चर संपायच्या आत संपतो. मग वेग इतका खाली येतो की व्हॉट्सॲपचा फोटोही उघडत नाही. घरात एकाच फोनवर मुलीचा अभ्यास आणि बाजारभाव पाहणं चालत असेल, तर तो दिवस गेलाच.

दुसरा परिणाम ओळखीवर. सावडीत कोण कोण आहे हे सगळ्यांना दिसतं. तसंच टोरंटमध्ये तुमच्या कनेक्शनचा आयपी पत्ता त्या फाइलच्या इतर सगळ्यांना दिसतो. जर्मनीत याच आधारावर वकिलांच्या नोटिसा घरी येतात आणि शेकडो युरो मागितले जातात. शिक्षणाला किंवा नोकरीला तिकडे जाणाऱ्या मुलामुलींना हे आधीच सांगून ठेवावं.

कायदा काय म्हणतो?

टोरंट ॲप फोनमध्ये असणं हा गुन्हा नाही. प्रश्न येतो तो फाइल कुणाची आहे याचा.

ऑगस्ट २०१६ मध्ये बंद केलेल्या वेबसाइटवर एक इशारा दिसायचा. नुसतं पाहिलं तरी तीन वर्षांची कैद, असा त्याचा अर्थ निघत होता. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी तो मजकूर बरोबर नसल्याचं स्पष्ट केलं. नुसतं पाहणं हा गुन्हा नसून परवानगीशिवाय वाटणं, जाहीर दाखवणं, विकणं किंवा भाड्याने देणं हा गुन्हा आहे, असा त्याचा सारांश.

हे ऐकून ‘मग आपण सुटलो’ असं वाटू शकतं. पण टोरंटमध्ये पाहणारा वाटतही असतो, हे वर आलंच आहे. म्हणून तो निर्णय टोरंटवाल्यांची ढाल होऊ शकत नाही.

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ नुसार जाणूनबुजून हक्कभंग केल्यास ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. कमाईसाठी केलेलं नसेल तर न्यायालय कारण नोंदवून शिक्षा कमी करू शकतं. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं.

२०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती झाली. थिएटरमध्ये चोरून चित्रीकरण करणं किंवा तशी प्रत पसरवणं यासाठी ३ महिने ते ३ वर्षे कैद आणि किमान ३ लाख रुपये दंड ठेवला आहे. दंडाची वरची मर्यादा पिक्चरच्या निर्मिती खर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत जाते. पैसे घेऊन मेमरी कार्ड भरून देणाऱ्या दुकानदारांनी आणि हॉटेलात पडदा लावून नवा पिक्चर दाखवणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं.

नुकसान कुणाचं?

‘मुंबईच्या श्रीमंतांचं थोडं बुडालं तर काय झालं’ असं पारावर सर्रास ऐकू येतं. पण आपल्या भागाचाच दाखला घ्या. ‘ख्वाडा’ हा धनगर कुटुंबावरचा पिक्चर करणारे भाऊराव कऱ्हाडे आपल्या श्रीगोंदा तालुक्यातले. पिक्चरसाठी त्यांनी जमीन विकली. पुढे त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २०१५ मध्ये तो थिएटरला लागला. जमीन विकून केलेला पिक्चर म्हणजे विकलेल्या रानाचं पीकच. ते कुणी रात्रीतून उपटून नेलं तर काय वाटतं, हे शेतकऱ्याला समजावून सांगायला नको.

नागराज मंजुळे यांनी नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात संज्ञापनाचं शिक्षण घेतलं. त्यांचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ ला आला. त्याचं बरंचसं शूटिंग आपल्या कर्जत-जामखेडला लागून असलेल्या करमाळा तालुक्यात झालं. पिक्चर लागून काही दिवसही झाले नव्हते, तोच सेन्सॉरला दिलेली प्रत इंटरनेटवर फुटली. लोकांनी तरीही थिएटरला गर्दी केली आणि १०० कोटींचा टप्पा ओलांडणारा तो पहिला मराठी पिक्चर ठरला. पण प्रत्येक पिक्चरच्या नशिबी असं होत नाही. छोट्या पिक्चरला एक-दोन आठवडेच थिएटर मिळतं. त्या दिवसांत प्रत फुटली तर मागे पैसा येत नाही, आणि पुढच्या वेळी गावाकडच्या गोष्टीवर पैसा लावायला कुणी धजत नाही.

मग टोरंट कशाला वापरायचं?

बिनधास्त वापरावं अशा गोष्टी भरपूर आहेत.

जुने पिक्चर : आपल्या कायद्यात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे असतो. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची (१९१३) मुदत कधीच संपली. गाणी आणि कथेचे हक्क मात्र वेगळे असू शकतात, हे बोलपटांच्या बाबतीत ध्यानात ठेवावं.

मोकळ्या परवान्याचे व्हिडिओ : ब्लेंडर संस्थेचे ‘बिग बक बनी’ (२००८) आणि ‘सिंटेल’ (२०१०) हे ॲनिमेशनपट सगळ्यांना वाटायला खुले आहेत. ॲप नीट चालतंय का, हे पाहायला हेच वापरावेत.

इंटरनेट आर्काइव्ह : या मोफत डिजिटल ग्रंथालयात जुनी पुस्तकं, आवाज आणि व्हिडिओ असतात. त्यातल्या बऱ्याच गोष्टींना टोरंटची सोय आहे. तिथेही कुणीतरी हक्काची वस्तू टाकलेली असू शकते, म्हणून परवाना पाहून घ्या.

शाळा आणि कॉम्प्युटर लॅब : उबंटू ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम आणि लिब्रेऑफिस टोरंटनेही देतात. मोठी फाइल, मधेच जाणारी लाईट आणि तुटणारं इंटरनेट अशा ठिकाणी टोरंटचा खरा फायदा होतो.

नुसता पिक्चरच पाहायचा असेल, तर निर्मात्यांच्या अधिकृत यूट्यूब वाहिन्यांवर बरेच मराठी पिक्चर मोफत असतात. प्रसार भारतीचं ‘वेव्हज’ हे ॲपही नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू झालं असून त्यात बरंच काही फुकट पाहता येतं.

ॲप टाकण्यापूर्वी

• व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल कधीही टाकू नका, मग ती ओळखीच्या नंबरवरून आलेली असली तरी. त्याचा फोनच चोरांच्या ताब्यात असू शकतो.
• पिक्चर दाखवणाऱ्या ॲपला तुमचे एसएमएस वाचायची गरज नसते. तशी परवानगी मागितली की ॲप काढून टाका. ओटीपी एसएमएसमध्येच येतो.
• व्हिडिओची फाइल एमपी४ किंवा एमकेव्ही असते. पिक्चरच्या नावाखाली एपीके किंवा ईएक्सई आली तर उघडू नका.
• ज्या फोनवर यूपीआय आणि बँकेचं ॲप आहे, त्यावर असे प्रयोग करू नका.
• पाहून झालं की ॲप पूर्ण बंद करा. नुसतं मागे गेलं तर वाटणं चालूच राहतं.

पैसे गेलेच तर वाट पाहू नका. लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि बँकेला कळवा. तक्रार जितक्या लवकर जाते, तितकी पैसे मधेच अडवता येण्याची शक्यता जास्त असते.