घणसोलीचा डबा आणि कन्सोलच्या ताकदीचे जुने कोडे

१)
१२ ऑगस्ट २०१९. मुंबईत रिलायन्स इंडस्ट्रीजची वार्षिक सर्वसाधारण सभा भरली होती. जिओच्या नव्या सेट-टॉप बॉक्सची ओळख करून देताना मंचावरून सांगण्यात आले की, या डब्याची ग्राफिक्स क्षमता प्रगत गेम कन्सोलच्या तोडीची आहे. मायक्रोसॉफ्ट गेम स्टुडिओज, टेन्सेंट, रायट आणि गेमलॉफ्ट ही नावेही भागीदार म्हणून घेतली गेली.

२)
जिओचे मुख्य कामकाज चालते ते नवी मुंबईत, घणसोलीच्या रिलायन्स कॉर्पोरेट पार्कमधून. वेगळा कन्सोल विकत घेणे ज्या घरांना परवडत नव्हते, तिथे आता इंटरनेटच्या जोडणीबरोबरच कन्सोलही येणार, अशी आशा त्या दिवशी निर्माण झाली. पुढे डबा घरोघरी आलाही. पण बहुतेक घरांत तो मालिका, चित्रपट आणि क्रिकेट दाखवणारा डबा म्हणूनच राहिला. असे का झाले असावे?

३)
हा प्रश्न आज पुन्हा विचारण्याजोगा आहे. पुढच्या पिढीच्या प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सविषयी तर्कवितर्क रंगू लागले आहेत. किती टेराफ्लॉप, किती मेमरी, कोणती चिप, याच्या याद्या फिरत आहेत. या धाग्यात आपण चाळीसएक वर्षांचा इतिहास चाळून पाहू. ताकदीचे आकडे आणि यंत्रासाठी खेळ लिहिणारी माणसे, यांपैकी निकाल कोणी लावला?

४)
आरंभ अमेरिकेत. अटारी २६०० हा कन्सोल १९७७ साली आला. त्याचे खेळ अटारीचेच कर्मचारी लिहीत. पण खेळावर त्यांचे नाव नसे आणि नफ्यात वाटाही नसे. १९७९ मध्ये डेव्हिड क्रेन आणि त्याचे काही सहकारी बाहेर पडले आणि त्यांनी ॲक्टिव्हिजन काढली. दुसऱ्याच्या यंत्रासाठी स्वतंत्रपणे खेळ बनवणारी ही पहिली कंपनी. 'डेव्हलपरचा पाठिंबा' ही कल्पना इथे जन्माला आली.

५)
तिचा दुसरा टोकाचा अनुभवही लवकरच आला. जो तो अटारीसाठी खेळ काढू लागला, दर्जा कोसळला, दुकानांत माल पडून राहिला. १९८३ मध्ये अमेरिकेतील व्हिडिओ गेमचा बाजार गडगडला. न विकलेल्या काडतुसांचे ट्रक न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो गावाच्या कचराभूमीत रिकामे झाले. २०१४ च्या उत्खननात ती काडतुसे पुन्हा वर आली. यंत्र तेच होते. त्यासाठी लिहिले जाणारे मात्र बिघडले होते.

६)
त्याच वर्षी, १५ जुलै १९८३ रोजी, जपानमध्ये निन्टेन्डोचा फॅमिकॉम विक्रीस आला. त्याच्या प्रोसेसरचे मूळ १९७५ च्या एका स्वस्त चिपमध्ये होते आणि मुख्य मेमरी होती अवघी २ किलोबाइट. १९८४ पासून हडसन आणि नामको यांच्यासारख्या बाहेरच्या कंपन्या परवाना घेऊन त्यासाठी खेळ काढू लागल्या. अमेरिकेत तर एका प्रकाशकाला वर्षाला पाचच खेळ, अशी मर्यादा निन्टेन्डोने घातली. अटारीची चूक तिने नीट वाचली होती.

७)
हाच फॅमिकॉम नव्वदच्या दशकात आपल्याकडे आला, पण वेगळ्या नावांनी. सामुराई, मीडिया, लिटल मास्टर असे त्याच्याशी जुळणारे 'टीव्ही गेम' घरोघरी पोचले. उन्हाळ्याच्या सुट्टीत तासावर भाड्याने खेळणे, काडतूस फुंकून पुन्हा बसवणे, 'हजारो गेम' असे छापलेल्या काडतुसात पुन्हा पुन्हा तेच दहा-वीस खेळ निघणे, हे त्या पिढीला आठवत असेल.

८)
या आठवणीतली एक उणीव सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. त्या काडतुसांतले खेळ प्रामुख्याने जपानी होते. यंत्र आपल्या दिवाणखान्यात होते, त्याची ताकदही कळत होती. पण आपल्या भाषेतला, आपल्या गल्लीतला खेळ त्यात नव्हता. कन्सोलच्या जगात आपण त्या काळी केवळ गिऱ्हाईक होतो. हा मुद्दा लक्षात ठेवा. धाग्याच्या शेवटी तो पुन्हा येणार आहे.

९)
आता १९९४. सेगाचा सॅटर्न २२ नोव्हेंबरला जपानमध्ये आला आणि सोनीचा पहिला प्लेस्टेशन ३ डिसेंबरला. सॅटर्नमध्ये हिताचीचे दोन मुख्य प्रोसेसर होते. कागदावर ही मोठीच ताकद. पण एकाच खेळाचे काम दोन प्रोसेसरमध्ये वाटून देणे आणि दोघांचा ताल राखणे हे अत्यंत जिकिरीचे काम होते. दुसरा प्रोसेसर पुरता वापरणे अनेकांना साधलेच नाही.

१०)
सोनीने दुसरी वाट धरली. एकच मुख्य प्रोसेसर, सी भाषेत काम करता येईल अशी तयार साधने आणि बाहेरच्या कंपन्यांचे मनापासून स्वागत. पुढे निन्टेन्डो ६४ अधिक ताकदीचा असूनही काडतुसांवरच अडून राहिला. सीडीची प्रशस्त जागा हवी असलेल्या स्क्वेअर कंपनीने 'फायनल फँटसी ७' हा खेळ १९९७ मध्ये प्लेस्टेशनवर आणला. डेव्हलपर जिथे गेले, तिथे खेळाडू गेले.

११)
अनेक प्रोसेसरांत काम वाटण्याची ही अडचण महाराष्ट्राने त्याआधीच अनुभवली होती, ती कन्सोलमध्ये नव्हे तर महासंगणकात. अमेरिकेकडून हवा तो क्रे महासंगणक मिळेना, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा राहिला. त्यात ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर नावाचे अनेक छोटे प्रोसेसर एकत्र जोडलेले होते.

१२)
वृत्तपत्रांनी गतीचे आकडे छापले. पण सी-डॅकपुढचे खरे आव्हान निराळे होते. हवामान किंवा अभियांत्रिकीचे गणित अनेक प्रोसेसरांत वाटून लिहिणार कोण, आणि कशात? म्हणून संस्थेने 'परास' ही प्रोग्रॅमिंगची साधने स्वतः तयार केली. इनमॉसचा पुढचा ट्रान्सप्युटर लांबत गेला, तेव्हा 'परम ९०००' ची रचना निरनिराळे प्रोसेसर बसवता येतील अशी करण्यात आली. एका चिपवर विसंबण्यातला धोका पुण्याने ओळखला होता.

१३)
४ मार्च २००० रोजी प्लेस्टेशन २ आला आणि ताकदीच्या चर्चेने टोक गाठले. एप्रिलमध्ये जपान सरकारने त्याच्या निर्यातीवर निर्बंध घातले. लष्करी कामासाठीही त्याचा उपयोग होऊ शकेल, अशी शंका होती. ज्या भीतीपोटी भारताला महासंगणक नाकारला गेला, तीच आता एका खेळण्याभोवती दाटून आली होती. याहून मोठी जाहिरात कोणत्या कंपनीला मिळणार?

१४)
तरीही प्लेस्टेशन २ जिंकला तो या धास्तीमुळे नव्हे. त्याच्यासाठी खेळ लिहिणे सुरुवातीला अवघडच होते. पण जुन्या प्लेस्टेशनचे खेळ त्यावर चालत, डीव्हीडी पाहता येत असे, आणि पहिल्या यंत्राभोवती जमलेले डेव्हलपर सोबत होते. त्याची विक्री १५ कोटींच्या पुढे गेली. इतके ग्राहक दिसल्यावर अवघड यंत्र शिकून घेण्याचे कष्ट डेव्हलपरांनी आनंदाने सोसले.

१५)
याचा सुंदर पुरावा मुंबईत आहे. प्लेस्टेशन ३ जगात येऊन तीनेक वर्षे उलटली होती. तरी मुंबईच्या ट्राइन गेम्सने २०१० मध्ये 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स' हा गल्ली क्रिकेटचा खेळ काढला तो दहा वर्षे जुन्या प्लेस्टेशन २ साठी आणि हातात मावणाऱ्या पीएसपीसाठी. कारण उघड होते. भारतीय घरांत जे यंत्र होते, त्यासाठी त्यांनी खेळ बनवला. काडतुसांच्या काळातली उणीव इथे थोडी भरून निघाली.

१६)
प्लेस्टेशन ३ मधला 'सेल' प्रोसेसर बलाढ्य होता, पण त्याने प्रोग्रॅमरांना सॅटर्नचीच आठवण करून दिली. त्याच नोव्हेंबर २००६ मध्ये आलेला निन्टेन्डोचा वी ताकदीने फारच मागे होता. तरी तो १० कोटींहून अधिक विकला गेला आणि प्लेस्टेशन ३ सुमारे पावणेनऊ कोटींवर थांबला. सोनी धडा शिकली. २०१३ चा प्लेस्टेशन ४ साध्या संगणकाच्या घडणीजवळ नेण्यात आला आणि त्याचे शिल्पकार मार्क सर्नी यांनी आधी डेव्हलपरांचे म्हणणे ऐकून घेतले.

१७)
यावरून कमजोर यंत्रच जिंकते, असा निष्कर्ष काढू नये. २०१२ चा वी यू ताकदीने स्पर्धकांच्या मागे पडला, बाहेरच्या कंपन्यांनी त्याची साथ लवकर सोडली आणि तो सुमारे १.३५ कोटींवर संपला. ताकद हवीच. पण ती वापरण्याची इच्छा, साधने आणि मोबदला लिहिणाऱ्यांना मिळाला नाही, तर ती डब्यातच राहते.

१८)
हे तत्त्व समजून घ्यायला नवी मुंबईकराला कन्सोलचीही गरज नाही. त्याचे शहरच त्याचे उदाहरण आहे. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना १९६५ मध्ये 'मार्ग' नियतकालिकातून मांडली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. आखीव रस्ते, विभाग, भूखंड. कागदावर हे देशातले बलाढ्य 'हार्डवेअर' होते.

१९)
पण वस्ती झटपट आली नाही. राज्याचे सत्ताकेंद्र खाडीपलीकडे नेण्याची मूळ कल्पना होती. मंत्रालय मात्र जागेवरून हलले नाही आणि नरिमन पॉइंटवर मनोरे उभे राहत गेले. ज्याने यंत्र बनवले, त्यानेच त्यासाठी खेळ लिहायचे टाळावे, तसे हे झाले. घाऊक बाजार वाशीत आले, १९९२ मध्ये मानखुर्द-वाशी लोकल सुरू झाली, आणि मग शहराने खरा वेग घेतला. आराखड्याला माणसे मिळाली तेव्हा तो शहर झाला.

२०)
याच शहरातून २१ जुलै २०१७ रोजी घोषित झालेल्या जिओफोनचा कारभार चालला. १,५०० रुपयांची परत मिळणारी अनामत, ५१२ एमबी रॅम, छोटासा पडदा. किमतीच्या मानाने यंत्र उत्तमच. पण कायओएस या त्याच्या प्रणालीसाठी व्हॉट्सॲप तयार नव्हते. ते आले सप्टेंबर २०१८ मध्ये, घोषणेनंतर वर्षाहून अधिक काळाने. ज्या घरात सगळा संवाद व्हॉट्सॲपवर चालतो, तिथे या एका उणिवेची किंमत काय असते, हे वेगळे सांगायला नको.

२१)
आता २०१९ च्या डब्याकडे परत येऊ. मंचावर ताकदीचा दावा होता आणि डेव्हलपरांची नावेही होती. परंतु भागीदाराचे नाव घेणे आणि त्याने या डब्यासाठी खेळ लिहून तो विक्रीस आणणे, यांत मोठे अंतर असते. पुढे मे २०२२ मध्ये जिओने ३,४९९ रुपयांचा गेम कंट्रोलरही काढला. कंट्रोलर हाती आला. पण ज्यासाठी तो विकत घ्यावा, असा केवळ त्या डब्यावरचा गाजलेला खेळ काही आला नाही.

२२)
याच सुमारास पुण्यात उलट दिशेने काही घडत होते. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने 'राजी: ॲन एन्शंट एपिक' बनवायला घेतला. २०१७ मध्ये लोकवर्गणीची मोहीम फसली, तरी काम थांबले नाही. १८ ऑगस्ट २०२० रोजी राजी प्रथम आला तो निन्टेन्डो स्विचवर, म्हणजे त्या वेळच्या तीन मुख्य कन्सोलांपैकी सर्वांत कमी ताकदीच्या यंत्रावर. त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्कृष्ट पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन मिळाले.

२३)
म्हणून येत्या कन्सोलविषयीचे आकडे वाचताना तीन प्रश्न जवळ ठेवा. तुमच्या आवडीचे खेळ बनवणाऱ्यांनी त्यासाठी प्रत्यक्ष काय जाहीर केले आहे? आज तुमच्याकडे असलेले खेळ त्यावर चालतील का? आणि त्याची किंमत पाहता तो किती घरांत पोचेल? कारण डेव्हलपरही शेवटी घरेच मोजतो. यांची उत्तरे मिळेपर्यंत साठवलेले पैसे खात्यातच राहू द्यावेत. टेराफ्लॉप कोठेही पळून जात नाहीत.

२४)
लिटल मास्टरच्या काळात आपण फक्त काडतूस फुंकत होतो. त्यानंतर मुंबईने गल्ली क्रिकेट कन्सोलवर नेले, पुण्याने राजीला जगापुढे उभे केले. घणसोलीच्या डब्याला उणीव होती ती अशाच हातांची. हा धागा वाचणाऱ्यांपैकी कोणी ऐरोलीच्या, खारघरच्या किंवा सानपाड्याच्या घरात बसून प्रोग्रॅमिंग शिकत असेल, तर पुढच्या यंत्राच्या इतिहासातली रिकामी जागा त्याच्यासाठी किंवा तिच्यासाठी आहे.

धागा समाप्त. तुमच्या घरातला पहिला टीव्ही गेम कोणता होता आणि त्यावर सर्वांत जास्त काय खेळलात, हे प्रतिसादात अवश्य लिहा.